दिल्लीच्या विमानाची वीस मिनिटं

१

नाशिकहून थेट दिल्लीला जाणारं पहिलं विमान त्या सोमवारी सकाळी झेंडूच्या माळा घालून उभं राहिलं आणि उभंच राहिलं. कॅप्टन अमित गायधनीनं उड्डाणाआधीच्या तपासणीत नळीत फुंकर मारली, आणि यंत्र म्हणालं, या माणसाच्या श्वासात दारू आहे.

अमित म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या गायधनी गुरुजींचा मुलगा. कांदा-लसूण वर्ज्य, चहासुद्धा सोडलेला. हा प्यायला असं कुणी सांगितलं असतं, तर त्र्यंबकच्या लोकांनी सांगणाऱ्याचंच तोंड हुंगून पाहिलं असतं. पण यंत्राला गोत्र कळत नाही.

ही २००७ सालची गोष्ट. शहरालगतची ती धावपट्टी लष्कराची. नागरी विमानासाठी तिथं सकाळी एकच अर्ध्या तासाची वेळ. त्यानंतर हेलिकॉप्टरांचा सराव सुरू झाला की चिमणीलाही मज्जाव. ‘सातमाळा एअर’चा मालक धनराज बोरस्ते यानं ती वेळ दोन वर्षं खेटे घालून मिळवली होती. आधी दिल्ली, मग कोलकाता, असे लांबचे मार्ग त्याला नाशिकहून सुरू करायचे होते. अट एकच होती. पहिलं उड्डाण वेळेत झालं नाही, तर वेळ रांगेतल्या दुसऱ्या कंपनीला.

नियमाप्रमाणे वीस मिनिटं थांबून अमितची दुसरी चाचणी झाली. यंत्रानं शून्य दाखवलं. तोवर हेलिकॉप्टरांची पाती फिरायला लागली होती.

संध्याकाळी धनराज केबलवाल्यांच्या कॅमेऱ्यासमोर गरजला, “पहिल्या फुंकरीवर माणसाला दारुडा ठरवायचं? दुसरी चाचणी झाल्याशिवाय कुणाला दारुडा म्हणणं म्हंजे त्याचा जीव घेणं हाय!”

दुसऱ्या दिवशी तो माझ्या ऑफिसात होता. मी संध्या आहेर. पोलिसात बावीस वर्षं काढली, साहेबाशी भांडून बाहेर पडले, आता कॉलेज रोडवर खासगी चौकशीची कामं करते. मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या साहेबाचं नाव अजूनही माझ्या कुत्र्याला आहे.

“मॅडम, घातपात हाय ह्यो,” धनराज म्हणाला. माणूस चांदवडकडचा. आधी कांदा, मग द्राक्षं, मग द्राक्षं नेणारी विमानं, असा वर चढलेला. “पुढल्या सोमवारी मुंबईत सुनावणी हाय. कुणी केलं ते दाखवलं तर वेळ परत मिळंल. तुमी फक्त नाव द्या. त्याला मी असा गाडतो, की वर गवत उगवायचं नाय.”

सुडाची भाषा मला समजते. मी काम घेतलं.

२

कंपनीचे डॉक्टर घाबरून अर्धे झाले होते. त्यांना एकच प्रश्न विचारला, पोटात गेलेली दारू वीस मिनिटांत पार नाहीशी होते का?

“अजिबात नाही. रक्तात उतरलेली दारू तासन्‌तास दिसते.”

“मग वीस मिनिटांत शून्य कसं?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “नुसत्या तोंडात असेल तर. समजा एखादा घोट, चूळ, एखादं औषध. तोंडातला वास थोड्या वेळानं उडून जातो. म्हणून तर दुसरी चाचणी असते.”

म्हणजे अमितच्या तोंडात चाचणीच्या अगदी आधी काहीतरी गेलं होतं. काम सोपं वाटलं. त्यालाच विचारायचं, की बाबा, तोंडात काय टाकलंस?

“काहीच नाही,” अमित म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला होता. निकाल लागेपर्यंत त्याला घरी बसवलं होतं. “सोमवार होता. माझा उपास असतो. आदल्या रात्रीपासून पाण्यावर होतो आणि पाणीही घरूनच पिऊन निघालो.”

“गोळी? लवंग? कुणी पेढा दिला?”

“काही खाल्लं नाही, काही प्यायलो नाही. आईची शपथ.”

त्याच्यासोबत उडणारी दुसरी पायलट आरोही पुण्याची. मुलगी हुशार होती आणि फटकळ. “कॅप्टन अडकले तर फायदा मला, असंच विचारायला आलात ना? मला एकटीला विमान नेता येत नाही, मॅडम. माझंही उड्डाण बुडालं.”

“तुझी चाचणी?”

“पूजेच्या आधीच झाली. मग मी सरळ विमानात जाऊन बसले. कॅप्टनना पूजेला बसवलं होतं, म्हणून त्यांची चाचणी मागे राहिली.”

“कुणी बसवलं?”

“मोहिनी मॅडमनी. गुरुजी पूजा सांगणार, मग शेजारी त्यांचा मुलगा बसला तर फोटो छान येईल म्हणाल्या. चुकीचं काय त्यात?”

चुकीचं काहीच नव्हतं. मी ते मनात ठेवलं.

३

मोहिनी खैरनार ही कंपनीची विमानतळावरची मुख्य अधिकारी. पस्तिशीची, नीटनेटकी, आवाज कधी न चढवणारी. तिच्याबद्दल सगळे एकसुरात चांगलं बोलत होते. त्या सकाळी धनराज ओरडत होता, दुसरा पायलट आणा, मुंबईहून आणा, आभाळातून आणा. डॉक्टर थरथरत होते. मोहिनी मात्र शांतपणे म्हणाली होती, दुसरी चाचणी होणार, नियमाप्रमाणे होणार आणि पूर्ण वीस मिनिटांनीच होणार. तिच्यामुळे अमितच्या कपाळावरचा डाग निदान अर्धा पुसला गेला.

“तुम्हाला खात्री होती, तो प्यायलेला नाही म्हणून?” मी विचारलं.

“माणसाला वीस मिनिटं तरी मिळायला हवीत,” ती म्हणाली.

दुसरा संशयित हर्षल लोढा. रांगेतल्या दुसऱ्या कंपनीचा नाशिकमधला माणूस. सातमाळाची वेळ गेली तर ती ह्याच्या पदरात पडणार. तरी हा पठ्ठ्या सकाळी गुच्छ घेऊन शुभेच्छा द्यायला हजर होता आणि पूजा सुरू होईपर्यंत मोहिनीच्या ऑफिसात बसून होता.

“धंद्यात येऊन-जाऊन राहावं लागतं, मॅडम,” तो हसत म्हणाला. “मला वेळ हवी होती, नाही कशाला म्हणू? पण धनराजशेठचं विमान अडवायला मी जाणार नाही. आज त्याचं, उद्या माझं. आणि पूजेला तर मी मनापासून बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

“तुमच्याही?”

“म्हणजे?”

मी असं विचारलं, कारण तासाभरापूर्वी विमानतळावर झाडलोट करणारी कुसाबाई मला म्हणाली होती, “मालक लय देवभोळे, ताई. आरती सरली आन्‌ त्यांचे डोळे लालभडक. धोतराच्या सोग्यानं पुसत व्हते.”

विमान तर तेव्हा अजून चुकलंही नव्हतं. रडण्यासारखं काय होतं? कांद्याच्या बाजारात चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस आरतीनं रडतो, हे माझ्या पचनी पडेना. दोघं एकाच वेळी रडतात, हे तर मुळीच नाही.

४

त्र्यंबकला गेले ते अमितच्या उपासाची खात्री करायला. गायधनी गुरुजी ओसरीवर बसले होते. चार दिवसांत माणूस वाळला होता. गावात कुजबुज सुरू होती, की गुरुजींनी स्वतः पूजा सांगितली आणि पोराच्या तोंडाला दारू निघाली.

“माझ्या हातून काही चुकलं असेल,” ते म्हणाले. “कुशावर्ताचं पाणी मी स्वतः आदल्या दिवशी नेलं. गडू रात्री मोहिनीबाईंच्या ऑफिसात कुलपात ठेवला होता. सकाळी तुळस घातली, कापूर घातला. कापूर जरा जास्तच पडला असावा, घशाला झोंबला. हाताचा अंदाज चुकतो आता.”

मी निघायला उठले. पण घरी आलेल्याला असंच कसं पाठवायचं? ते देवघरात गेले आणि तांब्याचा फिरकीच्या झाकणाचा गडू घेऊन आले. “त्या दिवशीचं उरलेलं आहे. तीर्थ टाकून देत नाहीत. चार दिवस उघडायचा धीर झाला नव्हता. घ्या.”

मी उजवा हात पुढे केला. पळीभर तीर्थ तळव्यात आलं. प्यायले आणि सवयीनं ओला तळवा डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला.

“चहा ठेवायला सांगू? उन्हातून आलात.”

“चालेल, गुरुजी. सकाळपासून तोंडात काही गेलेलं नाही,” मी म्हणाले.

म्हणाले आणि जागच्या जागी थिजले.

माझे डोळे चुरचुरत होते. जिभेवर कापराच्या आडून जी चव येत होती, तिचा वास मी बावीस वर्षं पकडलेल्या मुद्देमालात हजारदा हुंगला होता. आणि घोट घशाखाली उतरून मिनिटही झालं नव्हतं, तोवर मी देवासमोर बेधडक सांगून मोकळी झाले होते, की तोंडात काही गेलेलं नाही.

अमित खोटं बोलला नव्हता. आपल्याकडे तीर्थ म्हणजे खाणंही नव्हे आणि पिणंही नव्हे. उपासाला ते चालतं, सोवळ्याला चालतं, शपथेलाही चालतं. ते कुणी मोजतच नाही.

“काय झालं?” गुरुजींनी घाबरून विचारलं.

आपण पोटच्या पोराच्या हातावर देवाच्या नावानं दारू वाढली, हे त्या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? “कापूर जास्त पडलाय, गुरुजी,” मी म्हणाले. “गडू दोन दिवस मला द्या.”

परत येताना माझं डोकं तापलेलं होतं. सूड घ्यावा, जरूर घ्यावा. पण ज्यानं कुणी हा डाव मांडला होता, त्यानं या म्हाताऱ्याला सोंगटी केलं होतं. ते मला खपलं नाही.

५

प्रयोगशाळेनं माझी जीभ खरी ठरवली. गडूत वोडका होती. वास जवळजवळ नसलेली, आणि जे काही झोंबत होतं ते कापराच्या माथी.

गडू रात्रभर ज्या ऑफिसात होता, तिथं तिघांचा वावर होता. आरोही आपलं सामान तिथं ठेवायची. हर्षल सकाळी तिथंच बसला होता. मोहिनीचं तर ते ऑफिसच.

मी पूजेचे फोटो मागवले. तीर्थ वाटप चालू आहे. धनराजनं तळवा डोळ्यांना लावला आहे. पुढच्या फोटोत त्याचे डोळे लाल. हर्षलचे लाल. अमित डोळे चोळतो आहे. आरोही कुठेच नाही. तिला ह्या तीर्थाचा थेंबही मिळाला नव्हता. तीर्थात दारू आहे हे ठाऊक असलेला माणूस ओला तळवा डोळ्यांना लावेल का? हर्षलनं लावला होता.

एका फोटोत मोहिनी होती. तिनंही तीर्थ घेतलं होतं. पण सगळ्यांचे हात डोक्याकडे जात असताना ही बाई तळवा रुमालाला पुसत होती. डोळे स्वच्छ. आणि चाचणीआधी अमितला पूजेला बसवलं होतं, तेही हिनंच.

पण का? कंपनी बुडाली तर नोकरी हिचीच जाणार. आणि अमितवर राग म्हणावा, तर त्याला वाचवलं कुणी? हिनंच. पूर्ण वीस मिनिटं थांबा म्हणून हटून बसली.

वीस मिनिटं. मी तडक अमितचं घर गाठलं.

“याआधी तू असं कुणाला पाहिलं आहेस का? पहिल्या चाचणीत अडकलेलं?”

त्यानं मान खाली घातली. 

“दिगंबर निकम,” तो म्हणाला. “आमचा कॅप्टन. तेव्हा धनराजशेठची विमानं मुंबईहून द्राक्षं घेऊन दुबईला जायची. तिथंही वेळ ठरलेली. चुकली की विमान रात्रीपर्यंत उन्हात. दिगंबरला खोकला होता, त्यानं चमचाभर औषध घेतलं होतं. पहिल्या चाचणीत दारू दाखवली. तो हात जोडून म्हणत होता, वीस मिनिटं थांबा. शेठ म्हणाले, द्राक्षं थांबत नाहीत. दुसरी चाचणी केलीच नाही. वर, सरकारी विमान खात्याला मात्र कळवून टाकलं, की दोन्ही झाल्या, दोन्हींत सापडला.”

“आणि विमान?”

“मी नेलं. राखीव कॅप्टन मीच होतो.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी कापूर नव्हता. “तो माझ्याकडे बघत होता, मॅडम. मी घड्याळाकडे बघितलं आणि चढलो.”

दिगंबरला पुन्हा कुणी उभं केलं नाही. तो पंचवटीत भाजीबाजारामागच्या गल्लीत राहायचा, एवढंच अमितला ठाऊक होतं. मी रिक्षा केली, विचारत विचारत घर काढलं, कडी वाजवली.

दार उघडलं मोहिनीनं.

६

“या,” ती म्हणाली. “फार दिवस लावलेत. मी सोमवारपासून वाट बघते आहे.”

भिंतीवर दिगंबरचा गणवेशातला फोटो होता, त्याला हार. खैरनार हे तिचं माहेरचं नाव. धनराजनं तिला कधी पाहिलं नव्हतं, अमितनंही नाही, कारण बडतर्फ केलेल्या माणसाच्या घरी त्यांचं काय काम?

“ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता, तो लोक दारुडा म्हणतात म्हणून खरंच प्यायला लागला,” ती म्हणाली. तिचा आवाज आताही चढला नाही. “यकृत गेलं. मग तो गेला. तेराव्यानंतर महिन्याभरात मी धनराजच्या कंपनीत अर्ज केला. दोन वर्षं रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणाले. त्याला सगळ्यात प्रिय काय आहे, ते शोधत होते. ती वेळ निघाली. तो अर्धा तास.”

“आणि वोडका?”

“विकत आणावी लागली नाही. दिगंबरच्या कपाटात अर्धी बाटली उरली होती.”

 खोटं का बोलू, मनातून मी तिला दाद दिली. धनराजची वेळ त्याच वीस मिनिटांनी खाल्ली होती, जी त्यानं तिच्या नवऱ्याला नाकारली होती. अमितलाही तिनं बुडवलं नव्हतं. त्यानं जे दिगंबरला मिळू दिलं नाही, ते त्याला पुरेपूर मोजून दिलं होतं.

“डाव चोख आहे,” मी म्हणाले. “पण गुरुजींनी तुमचं काय घोडं मारलं होतं?”

ती पहिल्यांदा गडबडली. “त्यांचा विचार मी... केला नाही.”

“मग आता करा. आधी त्र्यंबक. मग धनराज. नाही तर मी थेट पोलिसात जाते.”

ती आली. ओसरीवर उभं राहून तिनं गुरुजींना सगळं सांगितलं, बाटलीसकट. म्हातारा उठून उभा राहिला. मला वाटलं, शाप देतो की काय.

“तुझा मला राग आला आहे, आणि तो जाणार नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “तुझ्या नवऱ्याचं गोत्र काय? माझ्या मुलानं त्याचं देणं ठेवलंय. निदान तर्पण तरी करतो.”

मोहिनी तिथं रडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच, असं ती मला परतीच्या एस.टी.त म्हणाली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आम्ही धनराजच्या ऑफिसात गेलो. मी, मोहिनी आणि अमित. मी सगळं सांगितलं. गडू टेबलावर ठेवला.

धनराज उठून उभाच राहिला. “हिला मी सोडत नाय! पोलिसाला फोन लावा. सुनावणीत हुभी करतो हिला, वेळ परत घेतो, आन्‌ हिला खडी फोडायला धाडतो!”

“अवश्य,” मी म्हणाले. “तिनं कबुली द्यायचं ठरवलंच आहे. पण तिथं पहिला प्रश्न येईल, का केलंस?”

“मी सांगेन,” मोहिनी म्हणाली.

“आणि शेठ, मुंबईत दुसरी चाचणी झालीच नव्हती, हे मी सांगेन,” अमित म्हणाला. “मी तिथं होतो. माझी नोकरी गेली तरी चालेल.”

धनराज कात्रीत सापडला होता, आणि हे त्याच्या डोळ्यांत मला हळूहळू उतरताना दिसलं. तिचं नाव घेतलं, तर खोटं कळवल्याबद्दल कंपनीचा परवाना जाणार. नाव घेतलं नाही, तर वेळ जाणार. तो मटकन खुर्चीत बसला.

“द्राक्षं सडली असती,” तो पुटपुटला. “दोन कंटेनर माल व्हता. मला काय ठावं, तो मरंल?”

“तुम्हीच कॅमेऱ्यासमोर म्हणालात, साहेब,” मोहिनी म्हणाली. “दुसरी चाचणी झाल्याशिवाय कुणाला दारुडा म्हणणं म्हणजे त्याचा जीव घेणं आहे. सगळ्या नाशिकनं ऐकलं.”

 टेबलावरचं पाणी धनराजनं उचललं आणि न पिताच खाली ठेवलं.

“काय पायजे तुला?”

“उद्या मी येते. काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. पण त्याआधी आज संध्याकाळी तेच केबलवाले बोलवायचे. त्याच खुर्चीत बसायचं. दिगंबर निकम प्यायलेला नव्हता, हे तुमच्या तोंडानं सांगायचं. त्याचं पूर्ण नाव घेऊन.”

“परवाना जाईल माझा! धा वर्सं घातली मी ह्याच्यात!”

“जाईल.”

बाहेर कुठंतरी हेलिकॉप्टरचा आवाज येत होता. धनराजनं रुमालानं कपाळ पुसलं. गवत उगवू न देणारा हा माणूस आता हात जोडून तिच्याकडे अगदी मऊ नजरेनं बघत होता. दिगंबरनं असेच हात जोडले असतील का, हा विचार माझ्या मनात आला, आणि मला धनराजची जराही कीव आली नाही.

“मला जरा इचार करू दे, बाई,” तो म्हणाला. “थोडा टाइम दे.”

मोहिनीनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याला दिसेल असं टेबलावर उभं करून ठेवलं.

“देते ना, साहेब,” ती म्हणाली. “वीस मिनिटं.”